दर वळणाला मागं बघायचं

३ फेब्रुवारी, उमापूर

आबा "न्हाई" म्हणाले. एवढंच. मग भाकरी कुस्करत बसले.

सकाळी स्पेनचं पत्र आलं — झारागोझा नावाच्या शहरात तीन महिने, मेंढ्यांच्या आजारांचं प्रशिक्षण. बापाच्याच मेंढरांमागं हिंडत मोठी झाले, जनावरांची डॉक्टर झाले, आणि आता मेंढरांसाठीच चालले तर हे नाही म्हणतात! "कावून? का नाही?" म्हणून विचारलं. "अनोळखी मुलूख. एकटी पोर. भाषा न्हाई. तिथं कोन बघायलंय तुला?"

आई चुलीकडं वळली. लखन मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. सख्खा भाऊ, पण एक शब्द बोलेल तर शपथ.

लिहून ठेवते: आबांनी जा म्हटल्याशिवाय जाणार नाही. आणि गेल्याशिवाय राहणार नाही.

४ फेब्रुवारी

इंटरनेटवर बघून परदेशी शहरात कसं सांभाळून राहायचं त्याची यादी केली. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. रस्त्यात नकाशा उघडून उभं राहायचं नाही. कुणी मागं लागलंय असं वाटलं तर त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, सरळ दुकानात शिरायचं, बाई दिसेल तिच्याजवळ उभं राहायचं.

आबांना वाचून दाखवली. सगळी ऐकली. मग म्हणाले, "कागदावर समदेच शाने."

राग आला. पण परभणीला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलची वाट चुकले होते आणि चौकात उभी राहून रडत घरी फोन केला होता. आबा ते विसरलेले नाहीत. मीही नाही.

७ फेब्रुवारी

तळावर गेले. मेंढरं सध्या चकलांब्याच्या शिवारात आहेत. दिवसभर आबांबरोबर चालले. हा माणूस वर्षातले आठ महिने अनोळखी गावांतून हिंडतो. चोर, कुत्री, अंगावर धावून येणारे लोक — सगळं बघितलेलं. मग म्हटलं, तुम्ही कसं करता ते तरी सांगा.

काठीवर हनुवटी टेकून एकेक सांगत गेले. "नव्या शिवारात उजेडी पोचायचं. आदी पानी कुठं हाय ते बघायचं. बोलायचं तर म्हातारीशी, टवाळ पोरांशी न्हाई. अन् जाताना दर वळनाला मागं बघायचं. येताना वाट उलटी दिसती, मानूस तिथंच फसतंय."

हे इंटरनेटवर कुठंही नव्हतं.

निघताना म्हणाले, "परीक्षा दे. हैदराबादला. तू बी गेली न्हाईस, मी बी न्हाई. पास झालीस तर जा."

८ फेब्रुवारी

परीक्षा मंजूर!

१७ फेब्रुवारी

काल परीक्षा झाली. सगळं नीट लिहिते.

मेंढरं लखनवर सोपवून आबा आले. तांबडा पटका, धोतर, काठी, आणि कधी नव्हे ती बगलेत एक पिशवी. आबांना बोडक्या डोक्यानं बाहेर मी उभ्या जन्मात बघितलेलं नाही. दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हासुद्धा पटका डोक्यावर होता, नर्सनं हात जोडले तरी.

सकाळी हैदराबादच्या स्टँडवर उतरलो. शेजारून नदी जाते, ती पहिली बघून ठेवली. तिथून चारमिनारपर्यंत चालत गेलो. दर वळणाला मागं बघत होते, मान दुखायला लागली. चारमिनारपाशी आबांनी माझा फोन मागून घेतला. "अर्धा घंटा हितं बस. मी रिक्षानं म्होरं जातो. मग स्टँडवर चालत ये. वाट कुनाला इचारायची न्हाई."

अर्ध्या तासानं निघाले. सकाळी उजव्या हाताला होती ती बांगड्यांची दुकानं आता डावीकडं. सगळं उलटं, पण ओळखीचं! छाती दोन इंच फुगली.

आणि एका वळणावर मागं बघितलं तर एक म्हातारा. शर्ट-पॅन्ट, बोडकं डोकं, तोंडाला रुमाल. पुढच्या वळणावर परत तोच. मी थांबले तर तोही थांबला. पाय लटलटायला लागले. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही, पळालेही नाही. सरळ मेडिकलमध्ये शिरले. काउंटरवर एक वयस्कर बाई होत्या, त्यांना हिंदीत सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, आणि थोड्या वेळानं मागच्या दारानं दुसऱ्या गल्लीत सोडलं.

ती गल्ली सकाळी बघितलेली नव्हती. क्षणभर परभणीचा चौक आठवला. मग म्हटलं, आधी पाणी. उताराकडं चालत राहिले. नदी लागली. नदीच्या कडेनं स्टँड!

आणि आबांचा पत्ता नाही. तासभर वाट बघितली. आले ते घामाघूम, पटका कसाबसा गुंडाळलेला. कुठं होता, तर म्हणे, "च्या लांबला."

मग मात्र मी सोडलं नाही. मी इथं जीव मुठीत घेऊन आले आणि तुम्हाला चहा सुचतो? काही झालं असतं तर? बसमध्ये बोलले, जेवताना बोलले. मधे डोळा लागला तेवढं सोडलं तर मांजरसुंब्यापर्यंत माझं तोंड चालू होतं. ते खिडकीबाहेर बघत बसले. एकदाच विचारलं, "त्या म्हाताऱ्याला लई भ्यालीस का?"

"भ्याले. पण चुकवलं त्याला."

"ब्येस केलंस."

आज पहाटे मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "पास. जा."

१ मार्च

आईनं चार सलवारींना आतून चोरखिसे शिवले. पासपोर्ट बसतो, पण बसलं की टोचतो. टोचू दे.

१२ मार्च, झारागोझा

पोचले. उजेडी! इथंही नदी आहे, ती आधी बघून आले. शेजारच्या घरातल्या म्हातारीला नमस्कार केला. ती स्पॅनिशमध्ये बोलली, मी मराठीत. जमलं. ट्राममध्ये एकजण बॅग उचलून देतो म्हणत मागंच लागला. हातातून पट्टा सोडला नाही, जाऊन ड्रायव्हरजवळ उभी राहिले. पुढच्या स्टॉपला उतरून गेला.

पाय लटलटले नाहीत या वेळी.

२३ मार्च

फोनची जागा भरली म्हणून जुने फोटो पुसत होते. १६ फेब्रुवारी, सकाळचे ११:४० — नुसता फूटपाथ. मग कुणाचा तरी अंगठा. परत अंगठा. मी काढलेले नाहीत, तेव्हा फोन आबांकडं होता. लॉक उघडत नाही म्हणून कुठंही दाबत असणार, कॅमेराच चालू झाला.

शेवटच्या फोटोत एक चेहरा आहे, अगदी जवळून. पाठीमागं त्या मेडिकलची पाटी. गळ्यात रुमाल ओघळलेला. डोक्यावर पटका नाही, अंगात लखनचा चौकड्यांचा शर्ट. आबा. एवढे घाबरलेले मी त्यांना कधी बघितलेले नाहीत.

आणि मी त्यांना उशीर झाला म्हणून मांजरसुंब्यापर्यंत बोलत होते.