आईच्या खोलीतली फुलं

ताई,

सकाळची पाळी आहे म्हणून निघाले. तू गाढ झोपली होतीस, उठवलं नाही.

काल संध्याकाळी आले तर आईच्या खोलीतली छोटी फुलदाणी पुन्हा भरलेली. पुढे पॅन्सी, मागे फ्लॉक्स, दोन डेझी काठावरून जरा झुकलेल्या. सगळी आपल्याच बागेतली, देठ तिरके कापलेले. इतके दिवस मला तुझाच संशय होता, आणि तुला बहुतेक माझा. आईला विचारलं तर म्हणाली, "शेजारीण देऊन गेली." शेजारीण आठवडाभर लेकीकडे आहे, दाराला कुलूप!

मग मी गुपचूप आईच्या चपला उलट्या करून पाहिल्या. तळांना ओली माती. म्हणजे आपण दोघी कामावर गेलो की ही बाई काठी टेकत मागच्या सात पायऱ्या उतरते. डॉक्टरांनी दहादा बजावलंय, खुब्याचं हाड आत्ता कुठे जुळतंय.

मी फणफणतच तिच्या खोलीत गेले. ती खिडकीशी बसून फुलदाणी हळूहळू फिरवत होती, कुठली बाजू पुढे ठेवावी ते बघत. पडल्यापासून तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. "छान दिसतंय," एवढंच म्हणून परत फिरले.

आज तुला सुट्टी आहे. तिला ओरडू नकोस, चपलांचं तर बोलूच नकोस. ऊन उतरलं की सहज म्हण, "आई, बागेत येतेस का माझ्याबरोबर?" आणि पायऱ्यांवर तिचा हात घट्ट धर.

धाकटी