गच्चीवरची सावली

नांदेड
१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. शिवांगी,

तुला आणि हरिओमरावांना आशीर्वाद. लातूरची थंडी गेली असेल, इथं तर दुपारी पंखा लागतो. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या बाबांची शुगर आटोक्यात आहे. मेमध्ये ते कॉलेजातून रिटायर होतील, मग दिवसभर घरात काय करतील याची मला आत्तापासून काळजी.

फोन असताना हिनं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी विचारते, "जेवलीस का?" तू म्हणतेस, "हो मावशी, बाबांना द्या." आणि मी फोन देऊन टाकते. तुझी आई गेल्यावर दोन वर्षांनी मी या घरात आले, तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. तेव्हापासून आपलं बोलणं एवढंच. कागद मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बातमी अशी की गच्चीवरची पत्र्याची शेड मी मोकळी केली. मोडका कूलर, रंगाचे डबे, तुझी लहानपणची सायकल, रद्दीची पोती, काय काय निघालं म्हणून सांगू! पापड-कुरडया वाळवायला मी वर जायचे, पण उघड्या भागात. शेडखाली पाय ठेवला नव्हता. तुझे बाबा म्हणाले, "आता कशाला करून राहिलीस हे?" मी म्हटलं, "उन्हाळा येऊन राहिला. वर बसायला होईल." दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर कूलर जिन्याखाली उतरवलेला. एकट्यानं. कंबर धरून बसले होते.

गुलाम रसूल मिस्त्री तुला आठवत असतील, तुझं अभ्यासाचं टेबल त्यांनीच केलं होतं. आता दाढी पांढरी झाली, पण हात तसाच साफ आहे. म्हणाले, "भाभी, पत्रा लई तापतो. नुसत्या पडद्यांनी काही व्हायचं न्हाई." पत्र्यावर चुना मारून घेतला आणि खालून बांबूच्या तट्ट्या ठोकल्या. मध्ये वीतभर हवा खेळायला जागा सोडली. आता दुपारीही खाली बसवतं. पश्चिमेला हिरवी जाळी लावली, जाळीच्या अलीकडं माझ्या जुन्या सुती साड्यांचे पडदे. जिन्याच्या जुन्या दाराचा बुटका दिवाण केला. मुद्दाम बुटका, उठताना-बसताना त्रास नको. त्यावर उदगीरहून माझ्या आईनं दिलेली वाकळ अंथरली. कठड्याला गोकर्णाचा वेल सोडलाय. मोगऱ्याच्या दोन कुंड्या, एक कढीपत्ता. खाली सिमेंट खरबरीत होतं, ते घासून गेरूच्या रंगानं रंगवलं. रंग हातानंच दिला, तीन दिवस नखं लाल होती.

काम चालू असतानाच मिस्त्रींना म्हटलं, मधल्या पाइपाला एक जाड कडी बसवून द्या. त्यांनी हातोडा खाली ठेवला. "पाळण्याची कडी हाय का भाभी? मुबारक!"

मी म्हटलं, "न्हाई हो, कुंडी टांगायचीय."

कडी बसवल्यावर त्यांनी स्वतः तिला लोंबकळून बघितलं. पासष्ट वर्षांचा माणूस.

कुंडीसाठी नाही ती, शिवांगी.

हरिओमरावांनी तुझ्या बाबांना सांगितलं की तुला पाचवा लागला. त्यांच्यावर रागावू नकोस. तू सांगू नका म्हणाली होतीस, हेही त्यांनी सांगितलं. बाळंतपण लातूरलाच करायचं, कामाला बाई ठेवायची, हे ठरलंय म्हणे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. तू का येणार नाहीस, ते तुझ्या बाबांनी मला विचारलं नाही. मीही बोलले नाही. आपल्यातलं अंतर त्यांना दिसतं, त्याचं कारण मला ठाऊक आहे.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. चार पानं फाडली, हे पाचवं.

तू दहा वर्षांची होतीस. मी बाळंतपणाला उदगीरला गेले होते. नववा पूर्ण भरला होता, पण बाळ रडलंच नाही. दीड महिन्यानं मी रिकाम्या हातानं परत आले. तुझ्या बाबांना ते तुला सांगायचा धीर झाला नव्हता, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुला कळलंय.

तू दारातच माझा हात धरून मला वर ओढत नेलंस. "मावशी, डोळे मिटा." शेडखाली तू वहीच्या कागदांच्या पताका लावल्या होत्यास, रंगीत खडूनं फुलं काढलेल्या. बांगड्यांच्या काचा दोऱ्यात ओवून टांगल्या होत्या. तुझ्या आईच्या साडीची झोळी बांधली होतीस, आत उशी. खाली सतरंजी, त्यावर पाण्याचा तांब्या. म्हणालीस, "तुम्ही इथं बसून बाळाला झोपवायचं, इथं वारं येतं."

मी सगळं ओरबाडून काढलं. आणि म्हणाले, "तू तुझ्या आईला खाल्लंस, आता माझ्या बाळाला खाल्लंस."

हे वाक्य मी आजपर्यंत कुणापुढं उच्चारलं नाही. लिहू नये असंही वाटलं. पण ते तुला एकटीला वागवायला लावलं, ते आता मीही माझ्या हातानं लिहिलं पाहिजे.

तू रडली नाहीस. पताकांचे तुकडे गोळा करून फ्रॉकच्या घोळात घेतलेस आणि खाली गेलीस. जूनमध्ये बाबांना म्हणालीस, मला किनवटच्या शाळेत घाला, तिथं वसतिगृह आहे. सगळे म्हणाले, पोरगी शहाणी आहे, अभ्यासासाठी चालली. मी तुझी ट्रंक भरून दिली. थांब म्हणाले नाही. किनवटला सुट्टीच्या दिवशी भेटायला येता आलं असतं, तेही तुझ्या बाबांना एकट्याला पाठवलं. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. लोकांना वाटलं, सावत्र ती सावत्रच. वाटू दिलं.

माझ्या दुःखामुळं माझ्या तोंडून तसं गेलं, असं म्हणून मी सुटणार नाही. दुःख तुलाही होतं. तुझी आई गेलेली होती, आणि तरी तू माझ्यासाठी सजावट केली होतीस.

गेल्या आठवड्यात शेड तयार झाल्यावर तुझे बाबा चहा घेऊन वर आले. दिवाणावर बसले. गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज येत होता. अचानक म्हणाले, "आता सतरा वर्षांची असती ती." अठरा वर्षं होत आली, आम्ही पहिल्यांदाच बोललो त्यावर. चहा तसाच राहिला.

ती मुलगी होती, शिवांगी. तुला बहीण झाली होती. हे तुला कुणीच सांगितलं नाही.

माझं मागणं नाही. बाळंतपण तुझं आहे, तू ठरवलंस तेच होईल. पण तुला कधी यावंसं वाटलं, एक दिवस, एक दुपार, तर गच्चीवर तुझी जागा आहे. तू तेव्हा बरोबर सांगितलं होतंस. तिथं खरंच वारं येतं.

चुकलेली,
दीपमाला


नांदेड
९ मार्च २०२५

चि. शिवांगी,

आशीर्वाद. काल तुझा फोन आला आणि तू "बाबांना द्या" म्हणाली नाहीस, तेव्हा मी गॅस बंद करायलाही विसरले. आमटी करपली. बाबांनी तीच खाल्ली, मुकाट्यानं.

तू म्हणालीस, "मला ते वाक्य पाठ होतं, मावशी. पण मला वाटायचं तुम्हाला आठवत नसेल. त्याचाच जास्त राग होता." तुला फक्त माझं हुंदके देणं ऐकू आलं असेल. नंतर तू रडलीस, आणि मग म्हणालीस, "हे बघा, यानं मी लगेच सगळं विसरेन असं नाही." विसरू नकोस बाई. मी तसं मागितलंही नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हरिओमराव तुला आणून सोडतील, पंधरा दिवस राहशील, बाळंतपण मात्र लातूरलाच, तुझ्या डॉक्टरांकडं. हे सगळं मला मान्य आहे. पंधरा दिवस तर पंधरा दिवस. नंतर तिकडं कुणी लागलं तर मी येईन, तू बोलावलंस तर. नाही बोलावलंस तर इथून डिंकाचे लाडू पाठवीन.

तू म्हणालीस, गच्चीवर आधी एकटी बसेन थोडा वेळ. बस. जिन्याचं दार मी लोटून घेईन, तू हाक मारेपर्यंत कुणी वर येणार नाही.

बाबांनी कॅलेंडरवर तारखेला गोल केलाय. दोनदा केला, पहिला नीट आला नाही म्हणून. कॉलेजातल्या सगळ्यांना सांगून आलेत.

आणि फोन ठेवताना तू विचारलंस, "ती कशी होती?" मला तेव्हा सांगता आलं नाही. मला तिला घेऊ देत नव्हते. माझ्या आईनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि थोडा वेळ माझ्या मांडीवर दिलं. त्यानंतर हे मला कुणी विचारलं नव्हतं. तूच पहिली.

केस खूप होते. काळेभोर, ओले, कानांपर्यंत आलेले. बोटं लांब. डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली, तुझ्या बाबांची आहे तशी. डोळे मिटलेले होते, म्हणून कसे होते ते सांगू शकत नाही. कपाळ रुंद होतं. मी तिच्या कपाळावरून बोट फिरवलं, आणि शिवांगी, मला त्या क्षणी तू आठवलीस. हे कपाळ मी ओळखत होते. दोन वर्षं रोज सकाळी वेणी घालताना पाहिलेलं.

एवढंच आहे माझ्याकडं. आता तुझ्याकडंही आहे.

जपून ये. गाडीत सारखी बसून राहू नकोस, मध्ये उतरून चार पावलं चाल.

तुम्हा दोघी बहिणींची,
दीपमाला