लंगडत कोण गेलं?

प्रिय विसरभोळ्या वकीलबाई,

मी तुझी आजी. ओळख सांगितलेली बरी, कारण गेल्या खेपेला तू छत्री विसरलीस, चष्म्याचं घर विसरलीस आणि पुस्तकांची अख्खी पेटी विसरलीस. छत्री मी वापरते. पेटीने मात्र माझ्या डोक्यात पार गुंता करून ठेवलाय.

मला अक्षर कळत नाही, हे तुला ठाऊकच आहे. दुपारी तुझी काकू वाचून दाखवते, आणि हे पत्रही तीच लिहितेय. तेव्हा चुका तिच्या, शहाणपण माझं. सगळी पुस्तकं खुनाची, दरोड्याची, कोर्टकचेरीची! दिवसभर कोर्टात उभी राहतेस आणि घरी येऊन पुन्हा कोर्टच वाचतेस? पहिल्या पुस्तकात मी आरोपीसाठी पदर भिजवला, तर शेवटी खून त्यानेच केलेला. दुसऱ्यात ज्याला पोटभर शिव्या घातल्या, तो निर्दोष सुटला. आणि त्या लोकांची नावं! काकूची जीभ अडखळायची आणि मला मेलं कोण, मारलं कोणी, तेच कळायचं नाही. मग तिने युक्ती काढली. नावं काढून तिथे आपल्या गल्लीतली माणसं बसवली. न्यायाधीश म्हणजे खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर. श्रीमंत विधवा म्हणजे शिवणवाली. आणि डावा पाय ओढत चालणारा दरोडेखोर म्हणजे आपला नळवाला. तेव्हापासून इतकं छान कळायला लागलं म्हणून सांगू!

त्यातच समोरच्या घड्याळवाल्याचं दुकान फुटलं. संध्याकाळची वेळ, वीज गेलेली, मी खिडकीत बसलेली. कुणीतरी पिशवी घेऊन भिंतीवरून उतरलं आणि गल्लीतून पसार झालं. मग हवालदार चौकशीला आला. आजी, तुम्हीच सांगा, म्हणाला. इतक्या मानाने मला या घरात कोणी विचारत नाही (काकू, हेही लिही). मी सांगून टाकलं, नळवाला होता, डावा पाय ओढत गेला. त्याने लिहून घेतलं, मी अंगठा उठवला. नळवाल्याला त्याच दिवशी घेऊन गेले.

आता ऐक. नळवाला लंगडत नाही. गच्चीवरच्या टाकीवर तो माकडासारखा चढतो. हवालदाराला हे म्हटलं, तर तो म्हणाला, उडी मारताना मुरगळला असेल पाय. मला पटलं. पण काल काकूने पुस्तक उघडलं, दरोडेखोर डावा पाय ओढत पुलावरून गेला, आणि मी काकूच्या हातातलं पुस्तकच मिटवलं. लंगडणं पुस्तकातलं, तर मग चेहरा कुठला? त्या अंधारात मला चेहरा दिसला तरी होता का? डोळे मिटले की नळवालाच दिसतो. हातात कधी पिशवी असते, कधी बंदूक. काकू म्हणतेय, हे गाळूया. गाळायचं नाही. हवालदाराकडे पुन्हा गेले, तर म्हणाला, घाबरू नका आजी, कोर्टात फक्त जबाबात आहे तेवढंच बोला.

पुस्तकात ती उलटतपासणी असते ना, ती काय म्हणून मी काकूला विचारलं होतं. ती म्हणाली, कपडा उलटा करून शिवण बघतो ना आपण, तसं. म्हणून हे पत्र. तू नळवाल्याचं वकीलपत्र घे. मला पिंजऱ्यात उभी कर, उलटी कर आणि एकेक शिवण उसवून बघ. आजी म्हणून दयामाया नको. पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, हे मला एकटीला निवडता येत नाही गं. नात्यामुळे तुला चालत नसेल, तर तुझ्याहून खवट वकील पाठव. नळवाल्याच्या बायकोला मी दूध-पाव पाठवला होता, तिने दारातूनच परत केला. तेव्हा पोरांसाठी पाव, लोणी आणि केळी तू पाठव, थेट त्यांच्या घरी, आणि माझं नाव काढू नकोस. मला काही नको. बरं, बिस्किटं पाठवणारच असशील तर मऊ पाठव.

तुझीच, अजून शिवण धरून असलेली,
आजी