मागच्या खोलीतली पांढरी

परवा सकाळी मागच्या खोलीत पालथा पडून मी पांढरीचा फोटो काढला. जमिनीतून वीतभर देठ वर आला होता, मेणासारखा, पान एकही नाही. खिडकीतला उजेड फुलावर पडावा म्हणून आरसा विटेला टेकवला, श्वास रोखला आणि बटण दाबले. श्वास रोखणे आता झेपत नाही. खोकल्याची उबळ आली आणि पुढचे सगळे फोटो हलले. उठलो, तोंड धुतले, देवापुढे हात जोडले आणि हा कागद लिहायचे ठरवले.

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय पन्नाशीला टेकलेले, शिक्षण गावच्या शाळेत, असे लिहून ठेवतो की माझी फुप्फुसे निकामी होत आली असली तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने मी हे लिहीत नाही. परमेश्वराने बोलावले की माझ्या मागे पुढीलप्रमाणे व्हावे.

बँकेतली शिल्लक आणि घरातले सामान पत्नीचे. सुताराच्याच घरातला दिवाण डुलतो, असे ती आल्यागेल्याला हसून सांगत असे. त्याचा पाय आता नीट केला आहे.

करवती, रंधे आणि कामाचे बाक धाकट्या भावाला. पटाश्या मात्र त्याला देऊ नयेत. माझ्या चांगल्या पटाशीने त्याने रंगाचा डबा उघडला आणि वर म्हणाला, "दादा, लोखंडच आहे ना ते?" पटाश्या पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला द्याव्यात. आमचे बोलणे नाही, पण तो धार राखतो.

घर माझ्या एकुलत्या एका मुलीचे. पत्नीने हयात असेपर्यंत त्यात राहावे. हे एका ओळीत संपले असते, पण घर द्यायचे तर त्या घरात मुलीला श्वास घेता आला पाहिजे. म्हणून पांढरीबद्दल लिहिणे भाग आहे.

जंगलतोड चालू होती तिथे मी लाकूड निवडायला गेलो होतो. एका कुजलेल्या बुंध्याशेजारी ती दिसली. हे जमिनीत वाढणारे ऑर्किड आहे. त्याला हिरवे पान नसते, लाकूड कुजवणारी बुरशी त्याला पोसते. दुसऱ्या दिवशी तिथे यंत्र फिरणार होते. मी बुंधा मातीसकट उचलून आणला, मागच्या खोलीची फरशी काढून खड्ड्यात पुरला आणि ओल धरून ठेवली. पुढे किती तरी महिने काहीच नाही. मग एका सकाळी फरशीच्या कडेने पांढरे बोट वर आले. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही.

"जगाची दारं बसवता आणि स्वतःच्या घरात बुरशी पाळता!" पत्नी म्हणाली. पुढे तिने त्या फुलाला सवतच करून टाकले. "सवतीला पाणी पाजलंत का? मग आता जेवून घ्या." मुलगी तेव्हा लहान होती. फोटो काढताना आरसा तीच धरायची. "बाबा, ती जांभई देतेय बघा," म्हणायची.

मग मुलीची छाती शिटीसारखी वाजू लागली. डॉक्टर म्हणाले, घरातली ओल आणि बुरशी काढा. मी सुतार माणूस. जाड फळ्यांचे नवे दार केले आणि असे बसवले की फटीतून कागद जाऊ नये. माझ्या हातच्या दारावर माझा विश्वास होता. पण बुरशीला फट लागत नाही. ती चौकटीतूनच पुढच्या खोलीत आली, तिथून वाशांत चढली.

मेहुणा मुलीला घेऊन गेला, पाठोपाठ पत्नीही गेली. निघताना तो म्हणाला, "दाजी, तुम्ही फूल सांभाळा, पोर आम्ही सांभाळतो." हा राग मी कोणाच्या नावे करत नाही. तो माझ्याबरोबर जावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मेहुण्यानेच करावी, कारण तो शब्दाला पक्का आहे.

पांढरी दुसरीकडे नेण्याचाही प्रयत्न झाला. कॉलेजातले वनस्पतीचे सर म्हणाले होते, "हिला हलवलीत की संपली." मी हट्टाने तिचा जमिनीखालचा अर्धा गड्डा त्यांच्याकडे दिला. त्यांनी जिवापाड जपला. त्यातून काही उगवले नाही. सरांचे बरोबर होते. फोटो त्यांना द्यावेत. कॅमेरा मुलीला.

सरांसाठी म्हणून मी सगळे फोटो वर्षांप्रमाणे मांडले. समोर दरवर्षी तेच फूल, स्वच्छ. मागे पुसट दिसणारी भिंत. त्या भिंतीवरचा काळा डाग आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग चौकटीच्या वर. सुरुवातीच्या फोटोंत कडेला आरसा धरलेला लहान हात आहे. पुढच्या फोटोंत वीट आहे. हात असलेले फोटो सरांना देऊ नयेत, ते पत्नीचे.

मागच्या आठवड्यात पत्नी येऊन गेली. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "तुमच्यामागे हे घर मिळेल त्या भावाने फुंकून टाकीन. माझी पोर इथे पाऊल ठेवणार नाही." घराची वीट न् वीट मी वाहिली आहे.

काल गवंड्याला बोलावले. खड्ड्याकडे पाहून तो म्हणाला, "बहरात आहे की हो. बी धरेपर्यंत थांबा ना." माझ्याही मनात तेच होते, दरवर्षी असते. म्हणूनच थांबलो नाही. देठ मी स्वतः उपटला. गड्डा बटाट्यासारखा भरलेला होता, हाताला गार लागला. गवंड्याने आणि त्याच्या गड्यांनी बुंधा काढला, चौकट काढली, माझे दार काढले, किडके वासे उतरवले. ओले लाकूड पेटेना, तेल ओतावे लागले. गड्डा त्यातच टाकला. खड्ड्यात चुना आणि काँक्रीट भरले. रात्रीपर्यंत त्यांनी भिंती खरवडून खिडकी दुप्पट केली.

पत्नीने व मुलीने स्वतः येऊन पाहावे. मी प्रतिज्ञेवर लिहून देतो की आजच्या तारखेस सदर घरात बुरशी नाही, कुजलेले लाकूड नाही आणि फूल नाही.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
तारीख: काँक्रीट ओतल्याचा दुसरा दिवस
साक्षीदार: १. गवंडी (सही) २. शेजारीण, शिवणकाम करणारी (अंगठा)
लिहून ठेवणार: सुतार (सही)