हिंटरेगला अध्यक्ष मिळेना

७ जानेवारी १९७३

मेल्क सोडतोय! इतकी वर्षं गावाचा अध्यक्ष, आता म्हणे गुडघे चालत नाहीत. तोंड चालतं! चर्चबाहेर बर्फात उभं राहून सांगितलं — एकवीस तारखेच्या गावसभेत नवा अध्यक्ष मिळाला नाही, तर हिंटरेग बंद. खालच्या मात्तेन गावात जमा. सरकारनं तसं कळवलंय.

अठ्ठावन्न माणसं उरलोय. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी चर्चमध्ये उभं राहायला जागा नसायची. मग निम्मे अमेरिकेला गेले, निम्मे खाली कापडगिरणीत. बकऱ्या तेवढ्या राहिल्या — त्यांना गिरणीत घेत नाहीत.

१० जानेवारी

डोकं नुसतं तापलंय. माझं माहेर मात्तेनच, म्हणून सांगते — ते आम्हाला गिळतील आणि ढेकरही देणार नाहीत. आमच्या प्रत्येकाच्या कागदावर मूळगाव हिंटरेग. जन्म कुठंही होवो, बापाचं ते पोराचं, नवऱ्याचं ते बायकोचं. अमेरिकेतल्यांच्या पोरांचं तेच, माझ्या नातीचंही तेच. ते खोडून मात्तेन? मी जिवंत असताना?

१४ जानेवारी

घरोघर फिरले. झेवेर चीज करतो, तरणाताठा, त्याला म्हटलं, तू हो. तर म्हणतो, “काकू, माझ्या गाई कोण पिळणार?” जसं काही अध्यक्ष झाला की त्याचे हात गळून पडतात! दुसऱ्याची पाठ दुखते. तिसरा त्या दिवशी बहिणीकडे जाणार.

भित्रे मेले! कारण सगळ्यांना ठाऊक आहे — साठीच्या आतल्या कुणाच्याही नावावर जास्त हात वर झाले की त्याला पद घ्यावंच लागतं. नाही म्हणायची सोय नाही.

२० जानेवारी

उद्या सभा! आम्हा बायकांना मताचा हक्क आत्ताच मिळालाय, उद्या पहिल्यांदा हात वर करणार. सून आग्नेसनं काळा झगा इस्त्री करून ठेवला. म्हणाली, “आई, तिथं जरा गप्प बसा हं.”

बघू.

२१ जानेवारी

शाळेच्या खोलीत सभा, बायका मागच्या बाकांवर. मेल्कनं विचारलं, कोण होतंय? बाप्ये आपापले बूट बघत बसले. मला राहवेना. उठलेच. “एवढे बाप्ये, आणि सगळ्यांत मिळून एक कणा नाही!”

झेवेर ओरडला, “मग काकूलाच करा अध्यक्ष! बकऱ्यांनासुद्धा शिस्त लागेल!”

काय हसले! हसता हसता झेवेरनं हात वर केला. शेजाऱ्यानं केला. मग पोटं धरून सगळ्यांनीच. मागं आग्नेसनं केला, तिच्यामागून बाकीच्या बायकांनी. त्या हसत नव्हत्या.

मेल्कनं हात मोजले. परत मोजले. खाकरला. हसू विरलं.

“क्रेसेंस, वय काय गं तुझं?”

“एकोणसाठ. एप्रिलपर्यंत.”

झेवेरचा हात अजून वरच होता. खाली घ्यायचं सुचेना त्याला.

२२ जानेवारी

सकाळीच मेल्क गावाचा शिक्का घेऊन दारात. “चेष्टा होती गं ती. तू नको म्हण, वरच्यांना मी समजावतो.”

म्हटलं, हिंटरेग चालू आहे. बूट बाहेर काढ, आत ये, आणि अध्यक्षबाई म्हण.