एक पोतं सापडत नाही

दि. ९, मंगळवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. 'यांस' एवढं नमस्कारापुरतं; पुढे नेहमीसारखं अरे-तुरे. सवय सुटत नाही.

आज पहाटे अंथरुणातच जुन्या गिरणीच्या पट्ट्याचा आवाज आठवला. फटक-फट, फटक-फट. त्या तालावर आपण शाळेच्या कविता पाठ करायचो, आणि पट्टा सुटला की तू मधली कडवी गाळून थेट शेवटच्यावर उडी मारायचास. आताची यंत्रं नुसती गुणगुणतात. त्यांच्यावर एकही वृत्त बसत नाही.

तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा? कोंबड्या अंडी देतात ना? हे आपलं सहज विचारलं. म्हणजे अगदीच सहज नाही, येतो त्यावर.

तुझी पुतणी बरी आहे, म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे. गिरणी आता ती चालवते, हे तुला ठाऊकच. पशुखाद्याचा परवाना नवा करायचाय, म्हणून आज तपासनीस बाई आल्या. समजा एखाद्या दिवसाच्या खाद्यात बुरशी निघाली, तर त्यातलं पोतं न् पोतं कुठे गेलं ते संध्याकाळपर्यंत दाखवता यायला हवं, म्हणाल्या. खरं काही झालेलं नाही, नुसती रंगीत तालीम. माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, एवढं माहीत हवं. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. दादा, हे कचेरीतल्या माणसाला सुचावं! मी बाईंना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं, आणि घड्याळाकडे पाहिलं.

गिऱ्हाइकांना फोन करायचं काम मी मागून घेतलं. आधी 'ही फक्त तालीम आहे' असं सांगा, मग पोत्यांचं विचारा, असं लेकीनं बजावलं होतं. पण कलाटणी शोभते ती शेवटच्या ओळीत. म्हणून मी खालच्या सुरात सुरुवात करायचो, की आमच्याकडून आपल्या दारी आलेलं ते खाद्य आज आम्हाला परत हवं आहे... शेवटच्या ओळीपर्यंत फोनवर कुणी थांबलंच नाही.

जेवणाच्या आत अंगणात टेम्पो, हातगाड्या, सायकली. एकानं तर कोंबड्याच आणल्या; पोतं यांच्या पोटात गेलंय, तुमचं तुम्ही काढून घ्या म्हणाला. लेक डोक्याला हात लावून बसली. तपासनीस बाई मात्र अंगणात फिरून आल्या आणि म्हणाल्या, माल इतका चोख परत आलेला उभ्या नोकरीत पाहिला नाही. फक्त एक पोतं सापडत नाही. ते सापडेपर्यंत शिक्का नाही.

ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेलं होतं. दुकानदार म्हणाला, दर महिन्याला एक आजोबा नेतात. नाव सांगत नाहीत, गिरणीचं लेबल दुकानातच फाडून टाकतात, आणि मागोमाग एक जाडं मांजर असतं.

लेकीनं विचारलं, कोण असतील हो बाबा? म्हटलं, चौकशी करतो.

दादा, कारखान्यात प्राणी नको असा नियम आला आणि आपल्या मांजराला, 'मॅनेजर'ला, बाहेर काढावं लागलं. जिथे त्याला जागा नाही तिथे मलाही नाही, असं म्हणून तू त्याला काखेत मारून निघालास. या घराचं पाणी पिणार नाही म्हणालास. पाण्याचं पाळलंस. खाद्याचं... असो. मी कुणाला बोललेलो नाही.

नियमाप्रमाणे मला एवढंच विचारायचंय, की पोत्यात किती उरलंय. बाकी काही नाही. उंदरांसाठी हल्ली नंबर घातलेले पिंजरे आहेत, काम चोख करतात, पण त्यांच्याशी गप्पा होत नाहीत. तिसऱ्या प्रहरी मी अजून दोन कप चहा टाकतो. लेक बघते. दुसरा कप निवला की मीच पितो.

टेम्पोवाला तुझ्याच बाजूला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र

दादा, मध्येच थांबलो, कारण दारात वहिनी आल्यात. हातात अर्धं पोतं. दुकानावर पाटी वाचली म्हणे, 'गिरणीचं खाद्य परत करा'. सकाळपासून तू कोंबड्यांना उतारा म्हणून ताक पाजत बसला होतास, हेही कळलं. या वेळी मी शेवटची ओळ आधी सांगितली. त्या मट्कन खुर्चीत बसल्या. मग तुझं विचारलं, तर म्हणाल्या, "रिक्षात बसलेत. उतरणार नाही म्हणतात. आणि मघापासून दाराकडे टक लावून बघताहेत."

मी पुन्हा लेखणी उचलली, तर म्हणतात, "भावजी, पत्र कसलं लिहिताय? माणूस बाहेर बसलाय."

उतरू नकोस. उतरवून घ्यायला मी येतोय.

तुझा धाकटा