फ्लोरेस, आणि तुमच्या दारात आलेलं पुष्पचक्र

तीर्थरूप मामांना,

वाकून, पण तुमचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावरून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? काल फोनवर त्यांचा आवाज चांगलाच खणखणीत लागला, त्यावरून थांबला असावा. मी मजेत आहे. दोन वेळ जेवतो आणि राग आवरतो (कालचा दिवस सोडून). कॉलेजचं म्हणाल, तर सरांनी मला वर्गाबाहेर जा म्हटलं, मी गेलो, आणि आठ महिने झाले, अजून आत आलेलो नाही. त्या पायरीवर पुन्हा पाय ठेवणार नाही, हे मागच्या तिन्ही पत्रांत लिहिलंय. चौथ्यातही तेच समजा.

आता तुमच्या साठीच्या सकाळी दारात पुष्पचक्र कसं आलं, ते. तुम्ही मला ज्या फुलांच्या दुकानात चिकटवलंत, त्याच्या वरच्या मजल्यावर स्पॅनिशचा वर्ग भरतो. तिथल्या बाईंच्या हाताखाली एक चष्मेवाली शिकवते. जिना आमच्या बादल्यांच्या शेजारून जातो, त्यामुळे ती रोज दोनदा दिसते आणि माझ्याकडून रोज दोनदा देठ चुकीच्या जागी कापले जातात. काल सत्राचा शेवटचा दिवस होता. मग महिनाभर वर्ग बंद, म्हणजे जिनाही बंद. काल बोललो नसतो तर संपलंच होतं. म्हणून मी वरच्या एका विद्यार्थ्याला गाठून फुलांना काय म्हणतात ते विचारून घेतलं. फ्लोरेस. आठवडाभर घोकलं. अंघोळ करतानासुद्धा. शेजाऱ्यांनी भिंतीवर बुक्के मारले, तरी मी डगमगलो नाही.

आमच्याकडे पद्धत अशी, की शुभेच्छांची चिठ्ठी फुलांच्या आत खोचलेली असते आणि पत्त्याची पट्टी देठांना बांधलेली. काल मी सगळ्या पत्त्याच्या पट्ट्या सोडून क्रमाने खिशात ठेवल्या आणि त्या जागी रंगीत पट्ट्या बांधल्या. प्रत्येकीवर एकच शब्द, फ्लोरेस. ती जिना उतरेल, ओळीने वाचेल आणि थक्क होईल, असा बेत. तिच्याआधी आले ते गुच्छ पोचवणारे सायकलवाले काका. म्हणाले, "अरे बाबा, फुलं आहेत हे मलाही दिसतंय. जायचं कुणाकडे ते लिही की." मामा, आठवडाभराच्या मेहनतीवर कुणी असं पाणी ओतलं तर माणसाने काय करावं? मी बोललो. ते बोलले. मग मी घाम पुसायला रुमाल काढला आणि रुमालाबरोबर पट्ट्याही निघाल्या, थेट पाण्याच्या बादलीत. रागाच्या भरात क्रम आठवत नाही, हे मला काल कळलं. मी अंदाजाने बांधल्या.

त्यामुळे पुष्पचक्र तुमच्याकडे आलं. ज्यांच्या घरी दुःख होतं तिथे बँकेतल्या निवृत्त होणाऱ्या साहेबांचा गुच्छ गेला, आत चिठ्ठी, 'खूप दगदग झाली, आता निवांत आराम करा.' (तिथे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट, किती समजून लिहिलंय म्हणाले.) साहेबांना भर निरोप समारंभात 'लवकर बरे व्हा' मिळालं. आणि मी चष्मेवालीसाठी बांधलेला बिनचिठ्ठीचा गुच्छ दवाखान्यातल्या एका आजोबांना मिळाला. ते तेव्हापासून नर्सबाईंकडे बघून हसतायत.

तुम्ही विचाराल, मग तिला काय दिलं? तुमच्या साठीचा गुच्छ. मला एकच प्रकार बांधता येतो, त्यामुळे दोन्ही गुच्छ पिवळे आणि सारखे. ती उतरली तेव्हा मी हाताला लागला तो पुढे केला आणि म्हणालो, "फ्लोरेस." ती थांबली. पुढचं काहीतरी येईल म्हणून वाट बघत राहिली. माझ्याकडे पुढचं नव्हतं, म्हणून मी तेच पुन्हा म्हणालो. तिने आतली चिठ्ठी काढून वाचली. "साठी गाठल्याबद्दल अभिनंदन. गुडघे सांभाळा." म्हणाली, "अजून सदतीस वर्षं आहेत." मग ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चष्मा पुसून म्हणाली, "फुलं आहेत हे दिसतंय. कुणासाठी, ते सांग ना." नेमकं सायकलवाल्या काकांचंच वाक्य, पण मला अजिबात राग आला नाही. मग तिनेच शिकवलं. फ्लोरेस पारा ती. तुझ्यासाठी फुलं. मी तिला आजवर मनातल्या मनातही अहोजाहो करत होतो, एकदम अगंतुगंवर आलो. पाच वेळा म्हणून घेतलं तिने. पाचव्यांदा गुच्छ घेतला. जाताना वळून विचारलं, "गुडघे बरे आहेत ना?"

मालकांनी मला काढलं नाही. दुःखाच्या घरून तेराव्यासाठी पुन्हा ऑर्डर आली.

तुमचा आज्ञाधारक (आजपासून) भाचा

ता. क. पुढच्या सत्रात पहिला वर्ग ती एकटी घेणार आहे. वर्ग आमच्याच कॉलेजतर्फे चालतो आणि फक्त कॉलेजच्या मुलांनाच घेतात. प्राचार्य तुमचे वर्गमित्र. उद्या सकाळीच भेटाल का? अर्ज गुरुवारपर्यंत. मी सरांची माफीही मागेन, दोनदा.

ता. ता. क. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. हे आईला तुम्हीच सांगा.

ता. ता. ता. क. पुष्पचक्राची तारेची चौकट मालकांना परत हवी आहे. फुलं मात्र ताजी आहेत, ती काढून मामींच्या हातात द्या आणि म्हणा, फ्लोरेस पारा ती. त्याआधी 'तुमची उणीव सदैव भासेल' ही फीत तेवढी काढून टाका.